दुर्मीळ सायकेडेलिक मैफलींच्या शोधात : आधी कॅमेऱ्याचा मालक शोधा

सायकेडेलिक आणि अंडरग्राउंड रॉक, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतले धुंद, स्वप्नवत आणि रूढ बाजारापासून दूरचे रॉक संगीत, ऐकू लागलेल्या माणसाला वर्षा-दोन वर्षांत नवी भूक लागते. तबकड्या ऐकून झालेल्या असतात, आता ही मंडळी रंगमंचावर प्रत्यक्ष कशी वाजवत होती ते पाहायचे असते. तो बँडचे नाव आणि त्यापुढे ‘लाइव्ह’ हा शब्द लिहून शोध घेतो, समोर आलेल्या पहिल्या दहा-पंधरा चित्रफिती पाहतो, त्यांतल्या निम्म्या एकाच कार्यक्रमाच्या प्रती निघतात, आणि याहून जास्त काही उरलेलेच नसावे अशी समजूत करून घेऊन तो थांबतो. हा लेख अशा थांबलेल्या माणसासाठी आहे.

मूळ चूक बँडच्या नावाने शोधण्यात आहे. १९६५ ते १९७५ या काळात हलते चित्र टिपणे खर्चाचे आणि खटपटीचे काम होते. त्यामुळे एखाद्या मैफलीचे चित्रण उरले असेल, तर त्यामागे कोणीतरी ठरावीक माणूस किंवा संस्था असतेच. तो सरकारी दूरचित्रवाणीचा निर्माता असेल, चित्रपट करणारा असेल, चित्रकार असेल, नाहीतर पहिल्या रांगेत सुपर एट हा घरगुती फिल्म-कॅमेरा घेऊन बसलेला एखादा विद्यार्थी असेल. चित्रफीत त्याच्या नावाने, त्याच्या भाषेत आणि त्याच्या पद्धतीने नोंदवलेली असते. म्हणून प्रश्न ‘बँडचे काय सापडेल’ असा न विचारता ‘त्या दिवशी त्या सभागृहात कॅमेरा कोणाचा होता’ असा विचारावा.

पहिली पायरी : एक बँड, एक वर्ष, एक वही

सुरुवातीला एकच बँड आणि त्याच्या आयुष्यातले एकच वर्ष निवडा. एक वही घ्या, कारण महिनाभरात काय पाहिले आणि कुठे पाहिले याची सरमिसळ होते. पहिल्या पानावर त्या वर्षी बँडमध्ये कोण होते, कोण कधी आले आणि कोण कधी गेले हे लिहा. दुसऱ्या पानावर त्या वर्षीच्या मैफलींची तारीखवार यादी उतरवा. अशा याद्या चाहत्यांनी वर्षानुवर्षे खपून तयार केल्या आहेत आणि सेटलिस्ट डॉट एफएमसारख्या ठिकाणी त्या सहज मिळतात.

सदस्यांची नोंद किती उपयोगी पडते ते पाहा. जर्मनीतल्या क्राफ्टवेर्क या बँडमधून १९७१ मध्ये राल्फ हुटर काही महिने बाहेर होता. त्या काळात फ्लोरियान श्नायडर, मिशाएल रोटर आणि क्लाउस डिंगर असे तिघे वाजवत होते, आणि त्यांपैकी रोटर व डिंगर यांनी पुढे नॉय! हा बँड काढला. म्हणजे पडद्यावर हे तिघे एकत्र दिसले, की चित्रफितीखाली कोणी काहीही वर्ष लिहिलेले असो, ते चित्रण १९७१ चेच. कॅन या बँडच्या चित्रफितीत दामो सुझुकी गाताना दिसला, तर ती मे १९७० च्या आधीची नसते आणि १९७३ नंतरचीही नसते. वहीतले पहिले पान असे पंचांगासारखे वापरायचे असते.

दुसरी पायरी : कॅमेऱ्याचा मालक

सर्वांत मोठे मालक म्हणजे पश्चिम युरोपातल्या सार्वजनिक दूरचित्रवाणी संस्था. इथे जरा रेंगाळू या, कारण नवख्या माणसाचा बहुतेक शोध इथेच फळतो.

जर्मनीत राडिओ ब्रेमेनचा ‘बीट-क्लब’ हा कार्यक्रम सप्टेंबर १९६५ मध्ये सुरू झाला आणि १९७२ च्या अखेरीस बंद पडला. मिशाएल लेकेबुश त्याचा दिग्दर्शक होता. आरंभीच्या वर्षांत काही पाहुणे ध्वनिमुद्रित गाण्यावर नुसते ओठ हलवत. पुढे कार्यक्रम रंगीत झाला, बँड स्टुडिओत खरोखर वाजवताना दिसू लागले, आणि त्यांच्या मागे वितळणारे, एकमेकांत मिसळणारे रंग भरण्याचा छंद लेकेबुशला जडला. कॅन, वर सांगितलेले तिघांचे क्राफ्टवेर्क आणि तरुण ब्लॅक सॅबथ हे सगळे इथे सापडतात. ते रंग कधीकधी इतके अंगावर येतात की वादकाचे बोट दिसेनासे होते. मला ते आवडत नाहीत, पण त्या काळाची चव त्यांतच आहे असे मानणारेही पुष्कळ आहेत. कोलोनच्या डब्ल्यूडीआर या संस्थेने १९७० मध्ये झोस्ट या गावी कॅन आणि क्राफ्टवेर्क या दोघांचेही चित्रण केले. ते कृष्णधवल आहे आणि त्यातला प्रेक्षकही पाहण्यासारखा आहे. पुढ्यात चाललेल्या या प्रकारावर टाळी वाजवायची की घरी जायचे, हे त्यांतल्या अनेकांना शेवटपर्यंत ठरवता आलेले नाही.

फ्रान्समध्ये १९६७-६८ साली ‘बुतों रूज’ आणि १९७० पासून ‘पॉप २’ हे कार्यक्रम होते. फ्रेंच दूरचित्रवाणीचा जुना साठा ‘इना’ या राष्ट्रीय संस्थेकडे आहे आणि २००६ पासून त्यातला मोठा भाग सर्वसामान्यांना संगणकावर पाहता येतो. मूळ गायक-गिटारवादक सिड बॅरेट बाजूला पडून डेव्हिड गिल्मोर नुकताच आलेला असताना, फेब्रुवारी १९६८ मध्ये पिंक फ्लॉइडने ‘बुतों रूज’मध्ये प्रत्यक्ष वाजवून दाखवले, ते चित्रण अशाच साठ्यातून आपल्यापर्यंत आले आहे.

बँडच्या नावाने शोधणारा कसा चुकतो, याचे उत्तम उदाहरणही ‘पॉप २’मध्येच आहे. २९ जानेवारी १९७२ रोजी पॅरिसच्या बाताक्लाँ सभागृहात लू रीड, जॉन केल आणि निको हे तिघे व्हेल्व्हेट अंडरग्राउंड हा बँड सोडल्यानंतर पुन्हा एकत्र बसले, आणि फ्रेंच दूरचित्रवाणीने ते टिपले. त्या रात्री बँडचे नाव लावले गेले नव्हते. त्यामुळे बँडचे नाव धरून बसणाऱ्याच्या जाळ्यात हा मासा येत नाही, आणि सभागृहाचे किंवा कार्यक्रमाचे नाव टाकणाऱ्याला तो काठावरच मिळतो.

ब्रिटनची गोष्ट वेगळी आणि थोडी दुःखाची आहे. दोन इंची चित्रफीत महाग असल्यामुळे बीबीसीमध्ये जुन्या कार्यक्रमावरच नवा मुद्रित करण्याची रीत होती, आणि त्यात साठ-सत्तरच्या दशकांतले असंख्य कार्यक्रम पुसले गेले. जे वाचले ते बहुधा कोणीतरी स्वतःपुरती प्रत ठेवली म्हणून वाचले. जानेवारी १९७३ मधला डेव्हिड बोवीचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’मधला कार्यक्रम असाच नाहीसा झाला होता. तो २०११ मध्ये जॉन हेन्शॉल या निवृत्त कॅमेरामनच्या घरी सापडला. त्याने त्या दिवशी स्वतः तयार केलेले माशाच्या डोळ्यासारखे बहिर्गोल भिंग वापरले होते आणि त्याचे काम दाखवता यावे म्हणून प्रत मागून घेतली होती. प्रत वाचली ती बोवीसाठी नव्हे, भिंगासाठी! पिंक फ्लॉइडच्या जुलै १९६७ मधल्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’च्या कार्यक्रमाचीही घरी मुद्रित केलेली एक फीत मिळाली. ती फार खराब झालेली होती, पण जमेल तेवढी सावरून २०१० च्या सुरुवातीला लंडनमध्ये दाखवण्यात आली. म्हणून ब्रिटिश बँडांचे शोधताना फक्त ब्रिटनमध्ये शोधू नका. तोच बँड त्याच महिन्यात ब्रसेल्सला, पॅरिसला किंवा ब्रेमेनला गेला होता का, ते आपल्या वहीच्या दुसऱ्या पानावर पाहा.

चित्रपट करणारे हे दुसरे मालक. ३ फेब्रुवारी १९७२ रोजी कॅनने कोलोनच्या श्पोर्टहालमध्ये विनामूल्य मैफल केली आणि पेटर प्रिझगोडा याने तिचा चित्रपट केला. तो मोठा चित्रपट-संकलक होता, आणि वाजवणाऱ्यांचे दृश्य तोडून मध्येच चेंडू झेलणारा कसरतपटू दाखवण्याचे त्याचे धाडस ते चित्रण पाहताना कळते. ऑक्टोबर १९६९ मध्ये फ्रान्समध्ये परवानगी न मिळाल्यामुळे बेल्जियमच्या आमूजी गावी हलवलेल्या महोत्सवाचाही चित्रपट झाला. त्यात फ्रँक झॅपा हा अमेरिकन गिटारवादक पिंक फ्लॉइडबरोबर वाजवताना दिसतो.

तिसरे मालक चित्रकार. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचे मूळ संचातले, आवाजासह केलेले चित्रण अगदी थोडे आहे. त्यातला १९६७ मधला बोस्टनच्या मैफलीचा सुमारे ३३ मिनिटांचा रंगीत चित्रपट अँडी वॉरहोलच्या संग्रहात होता, आणि तो कलासंग्रहालयांच्या पडद्यावर फिरत असतो. अशा वेळी रॉकच्या यादीत न शोधता संग्रहालयाच्या सूचीत शोधावे लागते.

तिसरी पायरी : शोधाचे शब्द

काही बँडांची नावेच वैरी असतात. कॅन, लव्ह, फॅमिली, मॅन, गाँग या नावांचे इंग्रजी अर्थ इतके रोजचे आहेत की शोधयंत्र डबे, प्रेम आणि कुटुंब यांचे ढीग समोर ओतते. अशा बँडांसाठी वादकाचे पूर्ण नाव, गावाचे नाव आणि वर्ष यांची जोडी करा. ‘कॅन लाइव्ह’पेक्षा ‘दामो सुझुकी झोस्ट १९७०’ हे शब्द कितीतरी नेमके ठरतात. शब्द अर्थातच रोमन लिपीत टाका.

मग भाषा बदला. जर्मन चित्रफितीवर ‘कॉन्सर्ट’ हा शब्द के अक्षराने सुरू होतो आणि झेडने पुढे जातो, एवढे लक्षात ठेवले तरी नवे निकाल येतात. जपानी बँडांसाठी जपानी लिपीतले नाव कुठूनतरी उचलून चिकटवणे अपरिहार्य आहे. क्योतोमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या ले रालीझ देन्यूदे या बँडचे जपानी नाव ‘हादाका नो रारीझु’ असे आहे. त्याचा प्रमुख ताकाशी मिझुतानी मुद्रण बाहेर सोडण्याबाबत इतका कडक होता, की १९९० च्या दशकाच्या आरंभी आलेल्या तीन सीडी आणि एक व्हीएचएस कॅसेट एवढीच त्याची अधिकृत संपदा अनेक वर्षे होती. बाकी सगळे चाहत्यांच्या हातून हातात गेले, आणि ते बहुतांशी जपानी नावानेच नोंदलेले आहे.

तारखेचेही तसेच. युरोपात आपल्यासारखा दिवस आधी, अमेरिकेत महिना आधी, जपानमध्ये वर्ष आधी लिहितात. जुन्या जपानी कॅसेटवर शोवा शकातले वर्षही असू शकते. त्यात १९२५ मिळवले की आपले वर्ष निघते, म्हणजे शोवा ४८ हे १९७३. कॅनची वरची तारीख कोणी ३-२-७२ तर कोणी २-३-७२ लिहील. दोन्ही टाकून पाहिल्याशिवाय नाही म्हणू नका.

शेवटी, शोधयंत्राच्या गाळण्या (फिल्टर) वापरा. वीस मिनिटांहून मोठ्या चित्रफिती वेगळ्या काढल्या की तुकडे गळून जातात. निकाल लोकप्रियतेने न लावता नवे आधी असे लावले, तर कोणी काल रात्री चढवलेली आणि अजून अकरा जणांनीच पाहिलेली चित्रफीत हाती लागते. चित्रफितीखालचे अभिप्रायही वाचा. ‘त्या रात्री मी तिथे होतो’ असे लिहिणारा माणूस कधीकधी पुढच्या दाराची किल्ली देऊन जातो.

चौथी पायरी : पारख

सापडलेले सगळे खरे नसते. पहिला प्रश्न, हे वाजवत आहेत का? हिंदी चित्रपटांवर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना प्लेबॅक ओळखायला शिकवावे लागू नये. तरी खुणा सांगतो. गिटारला तार जोडलेली आहे का, ढोलांजवळ मायक्रोफोन आहेत का, आणि गाणे तबकडीवरच्यासारखेच हळूहळू विरत संपते का, हे पाहा. पिंक फ्लॉइडच्या फेब्रुवारी १९६८ मधल्या ब्रसेल्सच्या चित्रफिती याचा नमुना आहेत. आवाज सिड बॅरेटचा आहे, पण तो स्वतः चित्रात कुठेच नाही. उरलेले चौघे त्याच्या मुद्रित आवाजावर ओठ हलवत आहेत. इतिहास म्हणून चित्रफीत अनमोल आहे, पण ती मैफल नव्हे.

दुसरा प्रश्न, हा आवाज याच चित्राचा आहे का? कोडॅकने १९६५ मध्ये आणलेल्या सुपर एट फिल्मचे एक कार्ट्रिज, म्हणजे कॅमेऱ्यात बसवायची बंद डबी, पन्नास फुटांचे, म्हणजे सेकंदाला अठरा चित्रांच्या वेगाने तीन मिनिटे वीस सेकंद चालणारे असे. आवाज टिपणारी सुपर एट १९७३ मध्ये आली. त्यामुळे त्याआधीच्या चाहत्याने टिपलेल्या सुपर एट चित्रणाला सलग, स्वच्छ आवाज असेल, तर तो नंतर कोणीतरी जोडलेला आहे. मीही यात फसलो आहे. १९६९ ची म्हणून मिळालेली चार मिनिटांची एक चित्रफीत मी वर्षभर मित्रांना कौतुकाने दाखवत होतो. एकदा आवाज बंद करून पाहिली, तेव्हा ढोलवादक डाव्या झांजेवर सपाटून तीन घाव घालताना दिसला. आवाज सुरू करून पुन्हा पाहिले, तर त्या जागी झांजच नव्हती, नुसती बासरी होती. तेव्हापासून मी प्रत्येक चित्रफीत एकदा मुकी पाहतो आणि फक्त ढोलवादकाचे हात बघतो. गायकाचे ओठ फसवतात, हात फसवत नाहीत.

तिसरी खूण वेगाची. सेकंदाला चोवीस चित्रांचा चित्रपट युरोपीय दूरचित्रवाणीवर पंचवीसच्या वेगाने दाखवत असल्याने तो सुमारे चार टक्के जलद धावतो आणि सूर अर्ध्या स्वराहून किंचित कमी इतका वर चढतो. गाणे ओळखीचे पण पट्टी थोडी चढी वाटली, तर बँडने त्या रात्री वाद्ये वेगळी लावली होती असा शोध जाहीर करण्याआधी हे तपासा.

याच कामी ध्वनिमुद्रणे उपयोगी पडतात. इंटरनेट आर्काइव्हवर २००२ पासून मैफलींच्या ध्वनिमुद्रणांचा स्वतंत्र विभाग आहे आणि ज्या बँडांनी परवानगी दिली त्यांच्या तारीखवार मैफली तिथे ऐकता येतात. शंकास्पद चित्रफितीतले बोललेले एखादे वाक्य, तुटलेली तार किंवा चुकलेला प्रवेश त्या तारखेच्या ध्वनिमुद्रणाशी जुळला, की वाद मिटतो.

पाचवी पायरी : प्रत आणि हक्क

एकाच चित्रणाच्या अनेक प्रती असतात आणि त्या सारख्या नसतात. कॅसेटवरून कॅसेट उतरवत गेले की दर पिढीला लाल रंग पसरतो, कडा विरघळतात, तळाशी पांढरी थरथरती पट्टी वाढते. चित्राच्या कोपऱ्यात धावते आकडे दिसत असतील, तर ती संस्थेतल्या कामाची प्रत होती, म्हणजे उगमाच्या जवळची. जी प्रत मिळेल तिच्यासोबत ती कोणाकडून, कशावरून आणि कितव्या पिढीची आहे, ही वंशावळ एका साध्या मजकुरात लिहून ठेवा. चित्रफीत ‘सुधारण्यासाठी’ पुन्हा रूपांतरित करू नका.

अधिकृत प्रकाशन आले की ते विकत घ्या. यात नीतीचा भाग आहेच, पण व्यवहाराचाही आहे. पिंक फ्लॉइडने २०१६ मध्ये काढलेल्या आरंभीच्या वर्षांच्या मोठ्या संचात वर उल्लेखिलेली ब्रसेल्स, पॅरिस आणि आमूजीची चित्रणे मूळ प्रतींवरून आली, आणि चाहत्यांकडच्या धुरकट प्रती एका दिवसात जुन्या झाल्या. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडच्या व्हेनेटा (ओरेगन) येथील २७ ऑगस्ट १९७२ च्या मैफलीचा चित्रपटही अनेक दशके हस्ते-परहस्ते फिरून २०१३ मध्ये अधिकृतपणे आला. जे प्रकाशित नाही ते पाहावे, त्याची नोंद ठेवावी, पण कोणी पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणावे. या छंदातली जुनी माणसे कोऱ्या कॅसेटच्या आणि टपालाच्या खर्चापलीकडे काही घेत नसत.

सहावी पायरी : आपल्याकडचे

महाराष्ट्रातला वाचक हमखास विचारतो, की आपल्याकडच्या बँडांचे काय? सिगारेटच्या एका ब्रँडच्या नावाने भरणाऱ्या ‘सिमला बीट’ या स्पर्धेतल्या देशभरच्या बँडांच्या तबकड्या १९७० आणि १९७१ अशा दोन वर्षांच्या निघाल्या. पुढे मुंबईत अॅटॉमिक फॉरेस्टसारखा बँड झाला. आता कॅमेऱ्याचा प्रश्न विचारा. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. म्हणजे त्याआधीच्या मुंबईतल्या मैफलींसाठी शहरात दूरचित्रवाणी केंद्रच नव्हते, आणि त्या दिशेने शोधून फारसे हाती लागणार नाही. उरतात जाहिरातीसाठी केलेले लघुपट आणि घरगुती आठ मिलिमीटरची रिळे. परदेशी जाऊन आलेल्या एखाद्या काकांनी असा कॅमेरा आणला असण्याची शक्यता वांद्र्यात, कुलाब्यात, पुण्याच्या कॅम्पात किंवा गोव्यात आजही आहे, आणि ते रीळ माळ्यावर, लग्नाच्या रिळांखाली असू शकते.

असे रीळ मिळाले तर काय करायचे ते नेमके सांगतो. ते जुन्या प्रोजेक्टरवर लावून पाहण्याचा मोह टाळा, कारण आकसलेली फिल्म पहिल्याच फेरीत फाटते. डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजू लागली आहे. ते रीळ बाकीच्यांपासून वेगळे ठेवा आणि त्याचे काम आधी करा. पांढरी बुरशी दिसली तरी ओल्या फडक्याने पुसू नका. सुरुवातीचे वीतभर टोक उजेडात धरून कडेची भोके पाहा. भोक लहान आणि चित्राच्या मध्यावर असेल तर ती सुपर एट, मोठे आणि दोन चित्रांच्या मधोमध असेल तर जुनी साधी आठ मिलिमीटर. रूपांतर करून देणाऱ्याला हे आधी सांगावे लागते. तो भिंतीवर दाखवून मोबाइलने टिपणार आहे की एकेक चित्र स्वतंत्र स्कॅन करणार आहे, हे विचारा, आणि पहिले उत्तर आले तर रीळ परत घेऊन या. तोवर ते पावसाळ्यात स्वयंपाकघराजवळच्या किंवा न्हाणीघराजवळच्या कपाटात ठेवू नका. काका हयात असतील तर डबा समोर ठेवून सभागृह कोणते, वर्ष कोणते, ढोलावर कोण होते हे विचारा, आणि ते जे सांगतील ते पेन्सिलीने कागदावर लिहून डब्याबरोबर ठेवा.